आधी डबा, मग एबीसी

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतो. मुलगी नोव्हेंबरची. सध्या सोसायटीतल्या प्लेग्रुपला दोन तास जाते, जूनमध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनियर केजीला जाईल. तिथे साडेतीन तास शाळा, आणि व्हॅन सव्वासातला खाली येणार. घरी आम्ही मराठीच बोलतो. तिला पन्नासपर्यंत आकडे म्हणता येतात, पण लिहायला बसवलं की पेन्सिल टाकून पळते. तिच्याच वर्गात जाणारी शेजारची मुलगी एबीसीडी पूर्ण लिहिते. तिची आई म्हणते, आत्ताच क्लास लावला नाहीस तर तुझी मागे पडेल. जेवण सासूबाई भरवतात, समोर मोबाइल लागतो. तिचे बाबा नऊच्या पुढे घरी येतात, त्यामुळे झोपायला सव्वाअकरा होतात. मी ऑफिसला निघाले की गळ्यात पडून रडते, म्हणून मी बरेचदा गुपचूप निघते. एप्रिल सुरू झालाय. क्लास लावू का? आणि घरी नेमकं काय करून घेऊ?
– एक आई, ठाणे

उत्तर: नमस्कार ताई,

क्लास लावू नका. ज्युनियर केजीच्या पहिल्या महिन्यात मुलं अडतात ती डब्याच्या झाकणापाशी, पँटच्या बटणापाशी, आणि ‘मला शू लागलीय’ हे अनोळखी माणसाला सांगताना. एका टीचरकडे वीस-पंचवीस मुलं असतात, मदतीला एखादी मावशी. अक्षरं शिकवणं हे टीचरचं कामच आहे आणि ते त्या पुढची दोन वर्षं करणार आहेत. पण वीस मिनिटांच्या मधल्या सुट्टीत पंचवीस डबे उघडून देणं कुणालाच जमत नाही. शू दाबून बसलेल्या मुलीच्या कानावर गोष्ट पडते, डोक्यात शिरत नाही. म्हणून उरलेले दहा आठवडे तिच्या हातांना आणि तोंडाला द्या: स्वतःचं स्वतः करणं, आणि हवं ते सांगणं.

आधी वयाचं बोलू, कारण तुमची निम्मी काळजी तिथली आहे. आपल्या राज्यात शाळाप्रवेशाचं वय ३१ डिसेंबर ही तारीख धरून मोजतात. नोव्हेंबरची मुलगी त्यात बसते, पण जूनमध्ये ती फक्त तीन वर्षं सात महिन्यांची असेल, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी. शेजारची मुलगी जानेवारीची असेल तर ती दहा महिन्यांनी मोठी. ४३ महिन्यांच्या मुलीला दहा महिने म्हणजे तिच्या आतापर्यंतच्या आयुष्याचा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. या दोघींची तुलना करणं लेकीवर अन्याय आहे. पहिल्याच भेटीत टीचरना सांगा, ‘आमची नोव्हेंबरची आहे.’ अनुभवी टीचर त्यावरून पुढचं सगळं समजून घेतात.

पेन्सिल टाकून पळण्यामागे हट्ट नाही. मुलांच्या हातात रेघा एका ठरावीक क्रमाने येतात: आधी उभी, मग आडवी, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचारच्या पुढेमागे चौकोन. तिरकी रेघ सगळ्यात शेवटी, बहुतेकांना पाचव्या वर्षाकडे झुकताना जमते. आता इंग्रजी ‘ए’ बघा: पहिल्याच अक्षरात दोन तिरक्या रेघा! ‘के’, ‘एम’, ‘एक्स’ यांतही त्याच. जे हाताला अजून जमत नाही ते रोज अर्धा तास करायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, कागद फाटेल इतकं दाबतं, अक्षर खालून वर काढायला लागतं. या सवयी पुढे मोडताना टीचरना आणि मुलाला दुप्पट त्रास होतो.

बोटांना ताकद यायला हवी, आणि तिचं सामान तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. पोळ्यांच्या वेळी लिंबाएवढा कणकेचा गोळा तिच्या हातात द्या: मळायचा, लांब वळायचा, चिमटीने दहा तुकडे करायचे. मटाराच्या शेंगा सोलणं, कोथिंबीर निवडणं, वाळलेल्या कपड्यांचे चिमटे काढून डब्यात टाकणं, हेही चालेल. चिमटा दाबताना अंगठा आणि पहिली दोन बोटं लागतात, पेन्सिलीलाही तीच. शेंगदाणे, मटारदाणे, मणी यांच्या वेळी मात्र कुणीतरी समोर बसा, तोंडात किंवा नाकात जाऊ शकतात.

चित्रासाठी खडू मोडून त्याचे बोटाच्या एका पेराएवढे तुकडे करा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो आपोआप चिमटीत येतो. कागद टेबलावर न ठेवता तिच्या डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर चिकटवा, मनगट योग्य दिशेला वळतं. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरे, तीही तिचं मन असेपर्यंत. बोथट टोकाची लहान कात्री आणून जुन्या वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापायला द्या. एका कात्रीत एक तुकडा पडला पाहिजे, एवढंच सुरुवातीला. कात्री धरलेल्या हाताचा अंगठा छताकडे हवा. तो खाली वळला की पट्टी दुमडते, कापली जात नाही.

आता डबा. एप्रिल संपायच्या आत शाळेचा डबा आणि बाटली आणा आणि रोजचा एक खाऊ त्यातच द्या. जूनमध्ये नवा कोरा डबा हातात देणं ही सगळ्यात नेहमीची चूक. एकाच क्लिपचा, उथळ डबा घ्या. चारही बाजूंनी क्लिपा असलेला आणि रबराची घट्ट रिंग असलेला डबा सांडत नाही खरा, पण चिमुकल्या बोटांना उघडतही नाही. दुकानातच तिच्या हातात द्या, दोन प्रयत्नांत उघडला तरच घ्या. आणि गरम पोळी घालून झाकण कधीच लावू नका. आतली वाफ निवली की आतला दाब कमी होतो आणि झाकण आत ओढलं जातं. सकाळी सातला असा भरलेला डबा दहा वाजता मोठ्यांनाही जोर लावून उघडावा लागतो. पोळी जाळीवर पाच-सात मिनिटं पूर्ण निवू द्या, मग भरा. बाटली चारशे मिलिलिटरच्या आतली, बटण अंगठ्याने दाबून उघडणारी, अर्धीच भरलेली.

डब्यात हाताने उचलून दोन घासांत संपेल असं द्या: तूप-गूळ पोळीचा रोल कापून, छोट्या इडल्या, घावनाची गुंडाळी, थालीपिठाचे चौकोन. पोहे-उपमा पहिल्या महिन्यात नको, निम्मा जमिनीवर जातो आणि मूल ओशाळतं. द्राक्षं उभी चार भाग करूनच. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे या वयात डब्यात अजिबात नकोत, घशात अडकतात.

भरवण्याचा प्रश्न सासूबाईंना न दुखवता सोडवता येतो. भरवण्यात त्यांची माया आहे, ती काढून घेऊ नका, तिला दुसरं काम द्या: आजीने स्वतःचं ताट घेऊन नातीशेजारी बसून जेवायचं. मोबाइल सगळ्या जेवणांतून एकदम बंद करू नका. पहिले दोन आठवडे फक्त सकाळचा नाश्ता मोबाइलशिवाय. मग दुपारचं जेवण, शेवटी रात्रीचं. दर वेळी पहिले तीन-चार दिवस ती कमी खाईल, रडेल. त्या दिवसांत माघार घेतली तर ‘जास्त रडलं की मोबाइल मिळतो’ एवढंच ती शिकेल. पानात कमी वाढा, वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, रागावू नका, आणि पुढच्या जेवणाआधी बिस्किट देऊ नका. स्क्रीनच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस लक्षात ठेवा: तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक तासापेक्षा जास्त नाही, त्याहून कमी असेल तर उत्तम.

स्वतःचं स्वतः करायला शिकवण्याची एक पद्धत फार उपयोगी आहे: शेवटची पायरी आधी शिकवायची. पँटचंच उदाहरण घ्या. पहिले चार-पाच दिवस तुम्ही पँट गुडघ्यावरून मांड्यांपर्यंत चढवा आणि कमरेपर्यंतचा शेवटचा ओढा तिला मारू द्या. मग गुडघ्यापासून तिने. मग पाय घालण्यापासून. काम दर वेळी तिच्या हातून पूर्ण होतं, म्हणून ती पुन्हा करायला येते. पहिल्या पायरीपासून शिकवलं की मध्येच अडतं, आपण घाईने हात घालतो, आणि ‘मला येत नाही’ हे तिच्या मनात पक्कं होतं. मोजे, सँडलचा पट्टा, डब्याचं झाकण, सगळ्याला हीच पद्धत. सँडलच्या डाव्या-उजव्यासाठी एक स्टिकर मधोमध कापून दोन अर्धे भाग दोन्ही सँडलच्या आत, एकमेकांकडच्या कडांना चिकटवा. चित्र जुळलं की सँडल बरोबर लागल्या.

टॉयलेटची तयारी घरोघरी राहून जाते, आणि शाळेतले सगळ्यात जास्त रडण्याचे प्रसंग तिथलेच. शाळेत जाऊन बघून या: कमोड आहे की इंडियन, जेट आहे की मग, दाराला कडी आहे का, शी झाल्यावर मावशी धुऊन देतात का. फ्लॅटमधल्या मुलांना छोटी सीट लावलेल्या कमोडशिवाय काही माहीत नसतं, शाळेत इंडियन असेल तर ती उकिडवी बसायलाच घाबरतात. मग मेमध्ये रोज उकिडवं बसायचे खेळ घ्या: बेडूकउड्या, उकिडवं बसून फरशीवर चित्र. क्रम तोच ठेवा आणि दर वेळी तोंडाने म्हणा: पँट गुडघ्यापर्यंत, बसायचं, धुवायचं, पँट वर, फ्लश, साबण. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा, मागचे जंतू पुढे गेले की लघवीचा संसर्ग होतो. साबण वीस सेकंद, म्हणजे एखादं छोटं बडबडगीत संपेपर्यंत. गणवेशाच्या स्कर्टला किंवा पँटला हूक-बटण असेल तर शिंप्याकडून इलॅस्टिक लावून घ्या. तिला शू लागली की दहा सेकंदही नसतात. शी पुसणं-धुणं या वयात नीट जमत नाही, त्याची अपेक्षा ठेवू नका, पण ‘मावशी, शी झाली’ हे मोठ्याने सांगता आलं पाहिजे.

इथेच भाषेचं येतं. घरची मराठी बदलू नका. आई-बाबांनी मोडक्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली की मुलीला दोन्ही भाषा अर्ध्याच मिळतात, आणि सांगायचं असतं ते मनातच राहतं. मराठीत गोष्ट ऐकून, प्रश्न विचारून, कारण सांगून तयार झालेलं डोकं इंग्रजीतही तेच करतं, फक्त शब्द नवे लागतात. इंग्रजीतली पाच-सहा वाक्यं मात्र खेळात घोटून घ्या: ‘टीचर, टॉयलेट’, ‘वॉटर प्लीज’, ‘ओपन प्लीज’, ‘हेल्प मी’, ‘इट्स माइन’. आणि टीचर ज्या शब्दांनी हलवतात ते ओळखीचे करा: सिट, स्टँड, कम, वेट, लाइन, शेअर. बाहुल्यांची शाळा भरवा, टीचर तिला होऊ द्या. आवाजांचे खेळ मराठीतच खेळा, वाचनाचा खरा पाया तिथे घातला जातो: ‘का-क-डी’ म्हणत तीन टाळ्या, ‘क’ने सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू, ‘पाणी-राणी’सारख्या जोड्या. रात्री दहा मिनिटं चित्रांचं पुस्तक, आणि पान उलटायच्या आधी ‘आता काय होईल गं?’

पन्नासपर्यंत म्हणता येतं हे चांगलं, पण ते अजून गाणं आहे. तिला सांगा, ‘पाच चमचे आण.’ मूठभर घेऊन आली तर मोजणं सुरू व्हायचंय. प्रत्येक वस्तूला बोट लावत एक-एक आकडा म्हणायचा, आणि शेवटी ‘किती झाले?’ विचारायचं. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या हे अजून कळलेलं नाही. आधी तीनपर्यंत पक्कं करा, मग पाच, वर्षभरात दहा. ताटं मांडताना, लिफ्ट बंद असेल तेव्हा जिन्यावर. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा ते गाव ठाणे जिल्ह्यातच होतं. खेड्यातल्या मुलांसाठी त्यांनी आजूबाजूला मिळणाऱ्या खडे, बिया, पानं, शिंपले अशा वस्तूंनाच शिकण्याचं साहित्य केलं. मे महिन्यात गावी जाणार असाल तर चिंचोक्यांची एक पिशवी भरून आणा, वर्गीकरण, मोजणी, नक्षी, सगळं त्यात होतं. फक्त जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत परत या, नाहीतर झोपेचं सगळं गणित बिघडेल.

ते गणित असं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. सव्वासातच्या व्हॅनसाठी ती सव्वासहाला उठणार. नऊला झोपली तर रात्री सव्वानऊ तास आणि दुपारी एक, कसेबसे पुरतात. सव्वाअकरावरून नऊवर यायचं म्हणजे १३५ मिनिटं मागे, दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं धरली तर सत्तावीस दिवस. आधी उठवायची वेळ अलीकडे आणा, झोपण्याची वेळ मागोमाग येते. नुसतंच लवकर आडवं केलं तर ती तासभर लोळत राहील आणि तुमची चिडचिड होईल. बाबांची भेट रात्रीऐवजी सकाळी ठेवा: उठवणं, दूध देणं आणि व्हॅनपर्यंत सोडणं हे काम त्यांचं. सुरुवातीला बाबांना चुटपुट लागेल, पण अकरा वाजता पेंगुळलेल्या मुलीशी खेळण्यापेक्षा ती पंधरा मिनिटं चांगली.

गुपचूप निघणं आजपासून थांबवा. आई न सांगता गायब होते हे एकदा कळलं की मूल आई दिसत असतानाही तिला सोडत नाही, आणि गळ्यात पडणं त्यातूनच वाढतं. निरोपाची एकच रीत ठरवा: एक मिठी, एक पापी, ‘संध्याकाळी दिवे लागले की येते’, आणि निघायचं. अर्ध्या मिनिटात. रडली तरी दारातून परत येऊ नका. वेळ घड्याळात सांगू नका, तिच्या दिवसातल्या गोष्टींत सांगा: ‘डबा झाला, गोष्ट झाली, की आजी खाली उभी असेल.’ आणि तशी ती असलीच पाहिजे, पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांचाही उशीर नको. मेमध्ये ओळखीच्या घरी तिला एकटीला आधी अर्धा तास, मग एक, मग दोन तास ठेवून बघा. घरात कुणी ‘शाळेत गेलीस की टीचर सरळ करतील’ असं म्हणत असेल तर ते वाक्य कायमचं बंद. जिथे जायचं त्या जागेची भीती आपणच घालायची आणि मग रडते म्हणून रागवायचं, हे बरोबर नाही.

थांबणं आणि ऐकणं खेळातून येतं. ‘शिवाजी म्हणतो’ आणि ‘स्टॅच्यू’ रोज संध्याकाळी सोसायटीच्या बागेत दहा मिनिटं. दोन पायऱ्यांची कामं सांगा, ‘चप्पल ठेव आणि हात धू’. एका कामावर पाच मिनिटं टिकली तरी या वयाला पुष्कळ आहे. तासभर धावणं, चढणं, उड्या हवंच. अंगाला हालचाल मिळाली नाही तर वर्गात बसवत नाही.

लसींचं कार्ड एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, शाळा प्रत मागते. तिचं बोलणं परक्या माणसाला बहुतेक कळत नसेल, हाक मारल्यावर सारखं ‘काय?’ म्हणत असेल किंवा टीव्हीला नाक लावून बसत असेल तर कान-डोळे मेमध्येच तपासा. आधी येत असलेलं काही ती विसरत असेल, किंवा इतर मुलांकडे बघतही नसेल, तर शाळेची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना भेटा.

शाळा सुरू होते ती पावसात, म्हणून रेनकोटची तालीमही हवी. समोरून टिचबटणं असलेला रेनकोट जमिनीवर उताणा, उघडा पसरा, टोपीची बाजू तिच्या पायांकडे. वाकून दोन्ही हात बाह्यांत, आणि डोक्यावरून मागे. आठवड्यात जमतं. पंख्याखाली पाच मिनिटं घालून फिरू द्या, अंगाला चिकटणाऱ्या प्लॅस्टिकची सवय होते. गमबुटांत पाणी शिरलं तर दिवसभर पाय ओले राहतात, उघड्या सँडल बऱ्या. ओल्या रेनकोटसाठी एक पिशवी, दुसऱ्या पिशवीत चड्डी, पँट, मोजे. तिला नाव वाचता येत नाही, तेव्हा डबा, बाटली, रेनकोट सगळ्यावर एकाच चित्राचं स्टिकर. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकला दप्तर नकोच म्हटलंय, तर या सामानापलीकडे पाठीवर काही देऊ नका.

व्हॅनच्या काकांना आणि शाळेला, मुलीला कोण घेणार त्या दोनच माणसांची नावं लेखी द्या. तिला स्वतःचं पूर्ण नाव, तुमची नावं आणि बिल्डिंगचं नाव सांगता यायला हवं. तुमचा फोन नंबर चालीत म्हणून पाठ करून घ्या.

पहिले दोन-तीन आठवडे ती रडेल. दुसऱ्या-तिसऱ्या सोमवारी पुन्हा रडेल, तापातून उठून गेल्यावर आणि गणपतीच्या सुट्टीनंतरही रडेल. आईच्या नजरेआड झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थांबत असेल तर ठीक आहे, टीचरना तेवढंच विचारा. महिन्यानंतरही शाळाभर रडत असेल किंवा घरी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली तर टीचरसोबत बसून बोला.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ विचारू नका, उत्तर येणार नाही. ‘डबा कुणाशेजारी बसून खाल्लास?’ विचारा. आणि डबा उघडून बघा. झाकण बंदच परत आलं असेल तर उघडता आलं नाही, उघडून अर्धं उरलं असेल तर वेळ पुरला नाही. झाकण उघडलं नसेल तर संध्याकाळी पुन्हा त्याची तालीम घ्या. वेळ पुरला नसेल तर पुढचा आठवडाभर निम्माच खाऊ भरा, आणि डबा रिकामा यायला लागला की मग एक तुकडा वाढवा.